सोडलेला साप

नाताळच्या सुट्टीत माहेरी गेले होते. देवळीकडचं आमचं गाव. डिसेंबरात तिथे अंधार लवकर पडतो आणि थंडी वावरातून सरळ घरात येते. आतल्या खोलीत कापूस पार आढ्यापर्यंत भरलेला, भाव चढेल म्हणून थांबवून ठेवलेला, आणि त्याचा तो कोरडा, धुळकट, नाकात हुळहुळणारा वास घरभर. वहिनीनं मीठ टाकून तुरीच्या हिरव्या शेंगा उकडल्या होत्या. परातीभोवती आम्ही सगळे बसलो होतो, टरफलांचा ढीग वाढत चालला होता. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, पण कोणाचं लक्ष नव्हतं. जपाननं आता स्वतःचा अणुबाँब करावा का, यावर तिथे चार माणसं तावातावानं बोलत होती. काकाजी बाजेवर भिंतीला टेकून टकळीवर सूत काढत होते. मान वर न करता, धागा न तुटू देता ते म्हणाले, “करून घ्या म्हनावं त्याईनं आता. दुसऱ्याच्या भरवशावर कितीक दिवस काढतीन?”

मी शेंग सोलायची थांबले.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं. मे 2025 मध्ये सीमेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं उडत होती तेव्हा आमच्या पानटपरीवर रोज कोणी ना कोणी म्हणायचं, टाका एकदाचा आणि मिटवा. बियाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन उभी असलेली साधी माणसं ही, कोणाचं वाईट न करणारी. त्यांच्या बोलण्यात राग होता आणि रागाला तेवढा एकच शब्द सापडत होता. पण काकाजी 84 वर्षांचे आहेत. ऐन तारुण्यात ते विनोबांच्या पदयात्रेत चालले. पवनारला धामच्या काठी महिनोन्‌महिने राहिले. अजून खादीशिवाय अंगाला काही लावत नाहीत, आणि भेटणाऱ्याला नमस्काराऐवजी ‘जय जगत’ म्हणतात, मग तो बँकेचा साहेब असो की बकऱ्या चारणारा पोरगा. त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं, तेही इतक्या शांतपणे, जणू उद्या वावरात पाणी सोडायचं आहे एवढंच ते सांगत होते.

आणि देश कोणता, तर जपान. आमच्या घरात जपान नकाशावरून आला नाही, प्रार्थनेतून आला. लहानपणी संध्याकाळी काकाजी आम्हा पोरांना ओसरीत बसवून सर्वधर्मप्रार्थना म्हणून घ्यायचे. सुरुवातीलाच ‘नम्यो हो रेंगे क्यो’ यायचं, आणि आम्ही ते मोठ्यानं, लयीत, अर्थ विचारल्याशिवाय म्हणायचो. जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या परंपरेतला एक जपानी भिक्षू सेवाग्राम आश्रमात राहत होता, पहाटे डफासारखं वाद्य वाजवत हा मंत्र म्हणत फिरायचा. जपान युद्धात उतरल्यावर इंग्रजांच्या पोलिसांनी त्याला शत्रूदेशाचा माणूस म्हणून नेलं. गांधीजींनी त्याचा मंत्र प्रार्थनेत ठेवून घेतला. त्या घटनेला आता 80 वर्षांहून अधिक काळ लोटला, मंत्र तिथेच आहे. वर्ध्याला गीताई मंदिराजवळ पांढरा विश्वशांती स्तूप उभा राहिला तोही याच धाग्यानं. लग्नाआधी मी मैत्रिणींबरोबर तिथे जाऊन बसायची. उन्हाळ्यातही संध्याकाळी तिथली फरशी पायाला गार लागायची.

पण हाच जपान एकेकाळी कोणाचा तरी वैरी शेजारी होता, हे मला फार उशिरा कळलं. जुलै 1942 मध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून ‘प्रत्येक जपानी माणसाला’ म्हणून एक खुलं पत्र लिहिलं. जपानी फौजा तेव्हा ब्रह्मदेशापर्यंत आल्या होत्या. आपल्या मनात द्वेष नाही हे सांगून पुढच्याच ओळीत त्यांनी चीनवरच्या हल्ल्याची घृणा स्पष्ट लिहिली, आणि हिंदुस्थानात आलात तर आम्ही तुमचं स्वागत करू या भ्रमात राहू नका, असं बजावलं. हातात काठीशिवाय काही नसलेल्या माणसानं, मातीच्या झोपडीत बसून, त्या काळातल्या सगळ्यात बलाढ्य फौजांपैकी एका फौजेला हे लिहिलं होतं. आज जपानला ज्यांची भीती वाटते त्या चीन-कोरियातल्या घरांमध्ये जपानच्या भीतीच्या आठवणी अजून जिवंत आहेत. टोकियोत कोणी बाँबचं नाव काढलं की तिथल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर काय येत असेल, याचा विचार त्या टीव्हीवरच्या चार माणसांपैकी एकानंही केला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कापसाच्या खोलीला लागून माझं अंथरूण होतं. उंदीर कुठेतरी खुडबुडत होता, आणि डोक्यात एक जुनी लाकडी पेटी येऊन बसली होती.

चौथीत असताना शाळेची सहल सेवाग्रामला गेली होती. बापूकुटीत शिरल्यावर बाहेरचं ऊन एकदम मिटलं. सारवलेली जमीन, मातीच्या भिंतीवर मीराबेननी काढलेली ताडाची झाडं आणि चरखा, एका कोपऱ्यात बसायची बारीक गादी. बाकीची पोरं टेलिफोन बघायला धावली. मला आठवते ती साप धरायची लांब लाकडी पकड आणि शेजारचा पिंजरा. आश्रमात साप निघाला की मारायचा नाही, पकडून पिंजऱ्यात घालायचा आणि लांब नेऊन सोडायचा, असं गुरुजी सांगत होते. त्याच वर्षी निंदणाच्या दिवसांत आमच्या वावरात निंदणाऱ्या एका बाईला साप चावला होता. तिला बैलगाडीत घालून नेताना मी पाहिलं होतं, तिच्या पायाला बांधलेलं लुगड्याचं फडकंही पाहिलं होतं. मी गुरुजींना विचारलं, “मग तो साप सोडायचे कुठं?” गुरुजी म्हणाले, दूर जंगलात. मी दारातून बाहेर पाहिलं. आजूबाजूला जंगल दिसत नव्हतं, होती ती वावरंच. कपाशी, तूर, ज्वारी, आणि त्यात वाकलेल्या बाया.

गांधीजींनाही हा पेच माहीत होता. 1928 मध्ये साबरमतीला तडफडणाऱ्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरू दिलं आणि देशभरातून शिव्या खाल्ल्या. पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या माकडांबद्दल 1946 मध्ये त्यांनी लिहिलं, की माणसाच्या पोटावर उठणाऱ्या प्राण्यांना अभय देणारी पूर्ण अहिंसा मला मान्य नाही. रोही आणि रानडुकरांनी एका रात्रीत हरभरा साफ केलेला ज्यानं पाहिला आहे, त्याला हे वाचताना गांधी एकदम आपल्या धुऱ्यावर येऊन बसल्यासारखे वाटतात.

जपाननं बाँबला दिलेला नकार मला त्या पिंजऱ्यासारखा वाटतो. मोठा आहे तो नकार, खरा आहे. हिरोशिमात 1945 संपेपर्यंत सुमारे 1,40,000 माणसं मेली, नागासाकीत सुमारे 74,000. राखेतून उठलेल्या त्या देशानं संविधानाच्या नवव्या कलमात युद्धाचा हक्कच सोडला. 1954 मध्ये अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँब फोडला, त्याची राख जपानी मच्छीमारांच्या एका बोटीवर पडली आणि सहा-सात महिन्यांत तिच्यावरचा वायरलेस ऑपरेटर गेला. तेव्हा गल्लीगल्लीतल्या बायकांनी बाँबविरोधी सह्या गोळा केल्या. 1967 मध्ये पंतप्रधान साटो यांनी संसदेत तीन तत्त्वं सांगितली: अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात येऊ देणार नाही. त्यांना पुढे शांततेचं नोबेल मिळालं. पण त्याच साटोंनी 1969 मध्ये निक्सन यांच्याशी गुपचूप करार केला होता, की आणीबाणीत अमेरिकेला ओकिनावात अण्वस्त्रं आणता येतील. तो कागद 40 वर्षांनी त्यांच्या घरात सापडला. साप मारायचा नाही हे ठरलं होतंच, पण तो कोणाच्या तरी वावरात सोडलेला होता. ओकिनावा म्हणजे जपानच्या भूमीचा जेमतेम 0.6 टक्के भाग, आणि अमेरिकी तळांची सुमारे 70 टक्के जमीन तिथे. टोकियोतला माणूस निश्चिंतपणे शांततेचं संविधान जपतो तेव्हा ओकिनावातली बाई लढाऊ विमानांच्या आवाजात पोरांना झोपवते. शिवाय त्या विमानांमागे अमेरिकेचे बाँब आहेतच. काकाजी ‘दुसऱ्याच्या भरवशावर’ म्हणाले ते हे, आणि ते खोटं नाही.

सकाळी अंगणात कोवळ्या उन्हात ते बसले होते. मी चहा घेऊन गेले आणि विचारलंच. 11 मे 1998 ची संध्याकाळ मला स्वच्छ आठवत होती. कॉलेजच्या सुट्टीत मी घरी आले होते. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री वाफ सोडत होत्या, वाजपेयींची घोषणा झाली होती आणि चौकात फटाके लागले होते. कोणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला. छाती भरून आली होती, हे आजही सांगते. काकाजी मात्र अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत, बोलले नाहीत. स्फोट झाले तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले होते, “त्याईले दुसरा दिवस नाई भेटला?” तेव्हा उपास धरणारा माणूस आज जपानला बाँब कर म्हणतो, हे मला कसं समजावं?

त्यांनी टकळी बाजूला ठेवली. “थ्या युक्रेनचं काय झालं सांग. होते नव्हते थे बाँब देऊन टाकले, कागदावर मोठ्या मोठ्यायच्या सह्या झाल्या. मंग?” मी म्हटलं, त्या बाँबच्या चाव्या मॉस्कोच्या हातात होत्या, युक्रेनला ते वापरता आले नसते. 1994 चा करार हा काही साध्या देवाणघेवाणीचा नव्हता. त्यांनी मान हलवली, पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून. मग हळूच म्हणाले, “माया जिवाचं मले भेव नाई, बाई. मी मार खाईन. पन दुसऱ्याच्या लेकरायले मी कोन्या तोंडानं सांगू, का मार खा पन हात नको उगारू? आपल्या घरी तं हायेच ना बाँब.”

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

2017 मध्ये ऑगस्टच्या एका पहाटे उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र होक्काइडोवरून गेलं. मोबाईलवर सरकारी इशारा वाजला आणि झोपेतून उठलेल्या माणसांना सांगितलं गेलं, पक्क्या इमारतीत शिरा. सप्टेंबरात पुन्हा तेच, 2022 मध्ये पुन्हा. आपली पोरं पोटाशी घेऊन तिथल्या एखाद्या बाईनं ते क्षण कसे काढले असतील? तिला मी वर्ध्याहून अहिंसेचा उपदेश पाठवावा, हे मलाही बरोबर वाटत नाही. काकाजींची लाज मला समजते. आपण 1998 मध्ये पेढे वाटले, अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली नाही. तरी 2016 मध्ये जपाननं आपल्याशी अणुऊर्जेचा करार केला आणि त्यासाठी हिरोशिमा-नागासाकीच्या महापौरांचा विरोध बाजूला ठेवला. अशा देशाच्या नागरिकानं जपानला काय सांगावं?

तरी मला सांगायचं आहे, आणि ते पुस्तकातून सांगायचं नाही. आमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे तसं पुलगावही आहे. देशातलं सगळ्यात मोठं दारूगोळा भांडार तिथे आहे. लहानपणी एसटीच्या खिडकीतून तारेचं कुंपण आणि मागची झाडी दिसायची आणि आजी म्हणायची, तिकडे बोट दाखवू नका. 31 मे 2016 ला मध्यरात्र उलटल्यावर भावाचा फोन आला. पलीकडून आधी काही ऐकूच येत नव्हतं, नुसता गडगडाट. आभाळ लाल झालं होतं, दारं-खिडक्या हादरत होत्या, भांडाराजवळच्या गावांतली माणसं पोरं-म्हातारी घेऊन अंधारात रस्त्यानं चालत सुटली होती. सोडलेली जनावरं हंबरत फिरत होती. भावानं काकाजींना मोटरसायकलवर मागे बसवलं, पडू नयेत म्हणून धोतरानं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि देवळीला नेलं. त्या रात्री दोन लष्करी अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक माणसं गेली, त्यात बरीचशी आग विझवायला धावलेली. 2018 च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी पुन्हा स्फोट झाला, त्यात आसपासच्या गावांतले मजूर गेले, रोजीनं पेट्या उतरवणारे. दोन्ही वेळा शत्रू कुठेच नव्हता. त्यातला एक गोळाही कोणावर डागला गेला नव्हता. नुसतं ठेवलं होतं, राखलं होतं, पाळीपाळीनं पहारा दिला होता.

जिथे शस्त्र ठेवतात तिथली माती मी पाहिली आहे. म्हणून जपान बाँब ‘फक्त ठेवील’, वापरणार नाही, हे वाक्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही. तो ठेवणार कुठे? टोकियोच्या बागेत नाही. ठेवला जाईल तो पुन्हा एखाद्या ओकिनावात, एखाद्या मच्छीमार गावाच्या मागे. आणि ठेवल्यानं भय तरी जाईल का? आपण 1998 मध्ये केला, 17 दिवसांत पलीकडूनही स्फोट झाले. पुढच्याच उन्हाळ्यात कारगिल झालं. मग मुंबई, पुलवामा, पहलगाम. आमच्या पानटपरीवरची माणसं बाँब घरात असूनही दर काही वर्षांनी तितकीच घाबरलेली, तितकीच रागावलेली दिसतात. कोणी म्हणेल, बाँब होता म्हणून युद्ध तेवढ्यावर थांबलं. असेलही, मी ते नाकारत नाही. पण दरवेळी कडेला जाऊन परतण्याला मी सुरक्षा म्हणू शकत नाही. जपाननं केला तर दक्षिण कोरिया थांबणार नाही, तिथे आजच निम्म्याहून अधिक लोकांना स्वतःचा बाँब हवा आहे. मग त्या चिंचोळ्या समुद्राभोवती चीन, रशिया, दोन कोरिया आणि जपान, सगळे बोट कळीवर ठेवून एकमेकांकडे बघत बसतील.

जपानला बाँब करता येत नाही असंही नाही. त्यांच्याकडे सुमारे 45 टन प्लुटोनियम आहे, बरंचसं ब्रिटन आणि फ्रान्समध्ये ठेवलेलं. यंत्रं आहेत, डोकी आहेत. त्यांचा नकार दुबळ्याचा नाही. हातात असूनही रोज नव्यानं न करण्याचा तो निर्णय आहे. त्यात साटोंचा लपवलेला कागद आहे, ओकिनावातल्या बाईची उडालेली झोप आहे, अमेरिकेच्या छत्रीखालचा आडोसा आहे. मळलेला आहे तो नकार. पण मळलेला नकार आणि स्वच्छ होकार यांतलं एक मला निवडायचं असेल, तर मी नकार निवडीन. त्याच्यातला खोटेपणा अजून धुता येतो. ओकिनावावरचा भार कमी करता येतो, गुपचूप केलेलं उघड करता येतं, छत्री कोणाच्या जिवावर आहे हे विचारता येतं. बाँब केल्यावर मात्र परतणारे फारच थोडे. स्वतः बनवलेले बाँब स्वतःहून मोडणारा दक्षिण आफ्रिका हा आजवरचा एकच देश.

हे सगळं मी काकाजींना त्याच सकाळी नीट सांगू शकले नाही. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. ते ऐकतात आणि म्हणतात, “तुयं म्हननं पटते बी अन्‌ नाई बी.” पुलगावच्या रात्रीची आठवण काढली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ती पोरं आग विझवायला आत गेली होती, पळाली नव्हती, हेही विसरू नको. नाही विसरत. आमच्यात अजून एकमत नाही आणि दोघांपैकी कोणी विषय सोडतही नाही.

डिसेंबर 2024 मध्ये ओस्लोला हिबाकुशांच्या, म्हणजे अणुबाँबमधून वाचलेल्यांच्या, संघटनेच्या वतीनं नोबेल घेताना तेरुमी तानाका बोलले. वय 92. नागासाकीवर बाँब पडला तेव्हा ते 13 वर्षांचे होते आणि नात्यातली पाच माणसं त्यांनी गमावली. लिहून आणलेलं भाषण मध्येच बाजूला सारून त्यांनी पुन्हा सांगितलं, की मेलेल्यांना जपान सरकारनं आजवर भरपाई दिलेली नाही. स्वतःच्याच देशाला जगासमोर असं विचारणारा म्हातारा मला शांततेच्या कुठल्याही घोषणेपेक्षा खरा वाटला. अशी माणसं आता भराभर कमी होत आहेत. 2025 मध्ये त्यांची संख्या पहिल्यांदा एक लाखाच्या खाली आली आणि सरासरी वय 86 च्या वर गेलं. टीव्हीवरच्या त्या चर्चेत त्यांच्यापैकी एकही नव्हता. जपाननं काय करायचं ते जपानी लोक ठरवतील, तो त्यांचा हक्क आहे. माझं मागणं एवढंच, की ठरवायचं असेल तर ही माणसं बोलती आहेत तोवर ठरवा, त्यांना समोर बसवून ठरवा, आणि ओकिनावातल्या बायांनाही बोलवा.